एका ‘हि’ची गोष्ट, आणि प्रतिसाद कशाला हवा

ओसरी (धागाकर्ता), रविवार, रात्री १०:५०

मंडळी, नमस्कार. मागच्या रविवारी इथे एक गझल टाकली होती. माझी आयुष्यातली तिसरी. तोटक वृत्त, म्हणजे ललगा ललगा ललगा ललगा (ल म्हणजे लघु अक्षर, गा म्हणजे गुरू). ज्यांनी वाचली नाही (म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच) त्यांच्यासाठी मतला (म्हणजे पहिला शेर) आणि आणखी एक शेर पुन्हा देतो:

उघडून कवाड घरी बसतो
कुणि हाक दिलीच तरी हसतो

मज एक वही पुरते न कधी
दिनरात तुझीच कथा लिहितो

टाकली आणि जेवायला बसलो. फोन ताटाशेजारी. आमटी वाढता वाढता बायको म्हणाली, “कसला निकाल लागायचाय का आज?” खोटं कशाला बोलू, तसंच वाटत होतं.

रात्रीपर्यंत आलेलं पीक असं: एक ‘छान’, एक ‘मस्त’, एक ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा), दोन अंगठे आणि एक ‘+१’. वर कुणी काही म्हटलंच नव्हतं, मग हा अधिक एक कशात मिळवायचा ते अजून कळलेलं नाही. सोमवार कोरडा, मंगळवार कोरडा. बुधवारी रात्री साडेअकराला हे आलं, जसंच्या तसं देतो:

“मतल्यात बसतो-हसतो घेतलंत. दोन्हीकडे ‘सतो’ कायम, म्हणजे पुढच्या प्रत्येक शेराला तुम्ही ‘सतो’ने बांधून घेतलंत. ते एक वेळ सोडा, पण ‘लिहितो’मधल्या ‘हि’चं काय करायचं? अलामत गेली. बाकी वहीची कल्पना चांगली आहे, पण वही का पुरत नाही?”

जे गझलवाले नाहीत त्यांच्यासाठी: यमकाच्या शब्दात जी अक्षरं बदलत नाहीत, त्यांच्या लगेच आधीचा स्वर सगळ्या शेरांत तोच ठेवावा लागतो. त्याला अलामत म्हणतात. माझ्याकडे तो ‘अ’ होता आणि मध्येच ‘हि’तला ‘इ’ येऊन बसला. पंक्तीत भलत्याच माणसाने पाट धरावा तसा.

पहिल्यांदा रागच आला. हा कोण टिकोजी? दुसऱ्या दिवशी बसमध्ये ओळी पुन्हा म्हणून पाहिल्या. मतल्यातला ‘हसतो’ काढून ‘फिरतो’ केलं. कुणि हाक दिलीच तरी फिरतो. यमकही मोकळं झालं आणि दार उघडं ठेवून बसलेला तो माणूस हाकेला पाठ फिरवतो, हे नुसत्या हसण्यापेक्षा बरं वाटलं. मग ‘लिहितो’च्या जागी रचतो, जपतो, स्मरतो असे पाच-सहा घालून पाहिले. सगळे मेले बेचव. स्वारगेट यायच्या आत एक सापडला:

मज एक वही पुरते न कधी
दिनरात तुझीच कथा पुसतो

वही का पुरत नाही, त्याचं उत्तर मिळालं. पुसून पुसून कागद फाटतोय. हे मला सुचलं नव्हतं हो, ‘हि’ने सुचवलं.

त्या सहा प्रतिसादांनी मला बरं वाटलं, नाही असं नाही. पण शेर बदलला तो सातव्याने. म्हणून हा धागा. तुम्ही लिहिता, काढता, विणता, गाता आणि लोकांपुढे ठेवता. कुणाच्या एखाद्या वाक्याने तुमचं काम बदललंय का? आणि कुणीच काही बोललं नाही तर काय होतं?

---

लगावली, रविवार, रात्री ११:३५

तो टिकोजी मीच. :)

बुधवारी रात्री लिहिलं खरं, पण वाचली होती सोमवारी सकाळीच. दोन दिवस बोट बटणावर. कारण एका कवींना मागे असंच सांगितलं होतं, ते अजून बोलत नाहीत. लग्नात समोरासमोर आलो तर मठ्ठ्याच्या टेबलाकडे वळले.

गझलेत ही गोष्ट नवी नाही. उर्दूत उस्ताद-शागीर्द परंपरा आहे, शागिर्दाचे शेर उस्ताद दुरुस्त करून देतो, त्याला इस्लाह म्हणतात. मराठीत सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती याच गरजेतून. नव्या मुलांशी ते पत्रांतून बोलायचे. काफिया (यमक), अलामत, वृत्त हे कुणीतरी बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळत नाही. स्वतःच्या कानाला स्वतःची चूक गोडच लागते.

मुशायऱ्यात ही सोय आपोआप असते. कवी पहिली ओळ म्हणतो, थांबतो, परत म्हणतो. तो वेळ काढत नसतो, अंदाज घेत असतो. समोरून ‘मुकर्रर’ (पुन्हा म्हणा) आलं की त्याला कळतं, जमलं. खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले की तेही कळतं. इथे पडद्यामागे कोण बसलंय, जांभई देतंय की डोळे पुसतंय, काही पत्ता नाही.

‘पुसतो’ फार चांगलं झालं. ‘कुणि’ ऱ्हस्व केलंत ते चालवून घेतो.

---

निवांत_बापू, सोमवार, सकाळी ६:१०

आमच्या वेळी हा उद्योग पोस्टमन करायचा.

१९८७ साली जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकात माझी कथा आली. मानधन शून्य, अंकाची एक प्रत फुकट. कार्तिक उलटला तरी कुणी हूं की चूं नाही. मग तीन पोस्टकार्डं आली. पहिलं मामेभावाचं, ते धरायचं नाही. दुसऱ्यात ‘आपली लेखणी अशीच बहरत राहो’. तिसरं एका प्राथमिक शिक्षकाचं, बारीक निळ्या अक्षरात, पत्त्याच्या बाजूलासुद्धा मजकूर वळवून लिहिलेला. त्यातलं एक वाक्य तोंडपाठ आहे: ‘आपल्या कथेत श्रावणात ज्वारी कापणीला आली आहे. आमच्याकडे ती श्रावणात गुडघ्या-मांडीएवढी असते.’

मी शहरातला. ज्वारी पाहिलेली ती किराणा दुकानाच्या पोत्यात. पण त्या माणसाने कथा वाचली होती, नुसती वाचली नव्हती, स्वतःच्या शेताच्या बांधावर नेऊन पाहिली होती. ते कार्ड अजून आहे. त्यानंतर पीक, तिथी आणि एस.टी.चं वेळापत्रक या तीन गोष्टी विचारल्याशिवाय मी लिहीत नाही.

मोठ्या मासिकांकडून छापील चिठ्ठी यायची, ‘साभार परत’. ती एक वेगळीच जमात. पण ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा कुठे सैल पडली ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. काहींना तो जाच वाटे. त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ साली तरुण लेखकांनी होळीही केली. म्हणजे संपादकाच्या आवडीनिवडीलासुद्धा प्रतिसाद मिळाला म्हणायचा, जरा गरम.

आता संपादकही नाही आणि पोस्टकार्डही नाही. लिहिलं की थेट चव्हाट्यावर.

---

जिलबीवाला, सोमवार, सकाळी ९:२२

काडी टाकतो.

आम्ही स्वान्तसुखाय लिहितो. कुणी वाचा, न वाचा. प्रतिसाद मोजत बसायचं तर ते लेखन नव्हे, वाण्याची वही झाली. बहिणाबाईंना कुणाचे अंगठे आले होते? जात्यावर बसल्या, ओवी आली, संपलं.

---

मधुमालती, सोमवार, सकाळी १०:०५

@जिलबीवाला, स्वान्तसुखाय असेल तर इथे का टाकता हो? वहीत ठेवा. कुलूप हवं असेल तर देते.

आणि बहिणाबाईंना मध्ये आणू नका. त्या एकट्या गात नव्हत्या. शेतात, जात्यावर, आजूबाजूला बायका असायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव ऐकत होते, घरातल्यांनी ओळी कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून तर आज आपल्यापर्यंत आल्या. लिहिता न येणाऱ्या बाईची कविता टिकली ती ऐकणाऱ्यांमुळे.

मला उलट त्यातली दुसरी गोष्ट टोचते. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली ती त्यानंतर. अत्रे म्हणाले, हे तर बावनकशी सोनं आहे. १९५२ ला पुस्तक आलं. सगळा महाराष्ट्र वाहवा करत होता आणि ज्या बाईला ती ऐकायची ती नव्हतीच.

---

वऱ्हाडी_ठेचा, सोमवार, दुपारी १:१५

अवांतर हाये, पण सांगतोच. संस्कृत नाटककार भवभूतीनं बाराशे वर्षांआधीच लिवून ठेवलं, की माझ्यासारखा कोणी समानधर्मा कधी तरी जन्माले येईन, काळाले अंत नाही अन् पृथ्वी लय मोठी हाये. आता मले सांगा, ज्याले इतकी वाट पाहा लागली त्याच्या वक्ताले किती लोकायनं ‘छान’ म्हटलं असंन?

अन् भवभूती आमच्या विदर्भातला बरं का. पद्मपूरचा. सुरेश भट अमरावतीचे. प्रतिसादाची भूक वऱ्हाडातूनच सुरू झाली असं माझं ठाम मत हाये. पुराव्याची मागणी करू नये.

---

जिलबीवाला, सोमवार, दुपारी १:४०

@मधुमालती कुलूप नको, किल्ली हरवते. मुद्दा मान्य नाही, पण ‘इथे का टाकता’ याला आत्ता उत्तर नाही. जेवून येतो.

---

चिऊचं_घर, सोमवार, रात्री ८:५५ (तुमच्याकडे मंगळवार उजाडला असेल)

मी न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपासून मराठी बालगोष्टी ध्वनिमुद्रित करून टाकते. स्वयंपाकघरातच, फ्रिजचा आवाज येऊ नये म्हणून तेवढा वेळ प्लग काढून. एकदा परत लावायला विसरले आणि दूध नासलं, ते असो.

सुरुवातीला ऐकणाऱ्यांचा आकडा दिसायचा, पण आकड्याला चेहरा नसतो. कोण ऐकतंय, घरात मराठी बोलणारं मूल आहे की आईवडीलच जुन्या आठवणीत ऐकतायत, काहीच कळेना. बंद करायचं ठरलं होतं.

मग एका आईचा निरोप आला. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा. चिऊ-काऊची गोष्ट ऐकली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, काऊ दाराशी आला, चिऊताई चिऊताई दार उघड. आणि चिऊ आपली बाळाला तीट लावतेय, काजळ घालतेय. मुलगा रडायला लागला. त्याचं म्हणणं, ती दार का उघडत नाही? पाऊस पडतोय ना? आईने मला विचारलं, तुमच्याकडे काऊची पुढची गोष्ट आहे का?

मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल, पन्नास वेळा सांगितली असेल. आजीच्या मांडीवर आपण सगळे चिऊच्याच घरात होतो. दाराबाहेर उभं राहून ती गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात ‘काऊने नवं घर बांधलं’ अशी गोष्ट रचली. काड्यांचं, उंच झाडावर, थोडं वाकडं. सगळ्यात जास्त तीच ऐकली जाते. ते श्रेय त्या पोराचं. त्याचं नावही मला माहीत नाही.

---

कोयरी, मंगळवार, सकाळी ७:३०

क्रोशावाली आहे, तुमच्या साहित्यात माझं काय काम. पण आमच्यात ‘छान’ला किंमत नसते, ‘टाके किती घातले?’ला असते. ते विचारलं म्हणजे समोरची करून बघणार आहे. माझ्या एका तोरणाचा नमुना एकीने करून पाहिला आणि कळवलं की अकराव्या ओळीत दोन खांब कमी पडतात. मीच चुकीचं लिहिलं होतं, हात आपोआप बरोबर करत होता.

---

खारा_वारा, मंगळवार, दुपारी ३:१०

धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी इथे हर्णे बंदरावरची एक दीर्घकथा टाकत होतो. सात भाग झाले. सातव्याला नऊशेच्या वर वाचनं आणि दोन प्रतिसाद. दोन्ही ‘पुभाप्र’.

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. बरं. पण मागच्या भागाचं काय वाटलं? रखमा आवडली का, लिलावाचा प्रसंग लांबला का, कोकणी बोली जड जाते का? भिंतीशी बोलल्यासारखं झालं. आठवा भाग लिहून तयार आहे, तीन महिने तसाच पडून आहे. टाकवत नाही. रुसलोय असं समजू नका. आता कुणासाठी लिहितोय तेच डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून नववा सुचत नाही.

---

वाचनमात्र, मंगळवार, रात्री ११:४८

सहा वर्षांपासून इथे आहे. हा माझा पहिला प्रतिसाद. टंकायला चाळीस मिनिटं लागली, चुका असतील.

न लिहिण्याचं कारण सांगते. आळस नाही. शाळेत निबंधाच्या वहीत लाल शाईने इतकं असायचं की माझी निळी शोधावी लागे. तेव्हापासून कुणी लिहिलेल्यावर आपण काही बोलणं म्हणजे आगाऊपणा वाटतो. इथे सगळे वृत्त, अलामत असं काय काय बोलतात. मी बोलले आणि कुणी म्हणालं, तुम्हाला गझलेतलं काय कळतं, तर? म्हणून वाचायचं, वाचनखूण साठवायची आणि गुपचूप गॅस बंद करायला जायचं.

@खारा_वारा, तुमची कथा मी पहिल्या भागापासून वाचली. तिसऱ्या भागात संध्याकाळी वाळूवर लिलाव चालू असतो आणि रखमा सुरमईच्या टोपलीवर पदर टाकते, हात काढत नाही, ते मी तीनदा वाचलं. माझी आई भाजी विकायची. ती असाच हात ठेवायची.

एक विचारू का? पाचव्या भागात रखमाचा भाऊ समुद्रात गेला, परत आला नाही. सातव्यात तो तिला मुंबईहून फोन करतो. तो दुसरा भाऊ आहे की मुद्दाम काही रहस्य आहे? तीन महिने हाच विचार करतेय.

---

खारा_वारा, बुधवार, रात्री १२:०६

अरे देवा.

रहस्य कसलं, मी विसरलो. पाचवा भाग लिहिला आणि सातवा लिहिला त्यात पावसाळा गेला मध्ये. नऊशे जणांनी वाचलं आणि एकही बोलला नाही!

आठव्यातही तो भाऊ आहे. चांगला दीड पान बोलतो.

थांबा, आता झोप येणार नाही. मेलेला भाऊ फोन करतो, हे… नको, भुताटकी नको. तो फोन दीर करेल. दिराला तसाही काही उद्योग नव्हता. बाई, तुमचे उपकार. आणि पदरावरच्या हाताबद्दल लिहिलंत, तो प्रसंग मी जवळजवळ काढून टाकणार होतो. लांबतोय असं वाटलं होतं.

---

थेटबोल्या, बुधवार, सकाळी ८:१५

हेच म्हणतो मी कायम. जे वाईट आहे ते वाईट म्हणा. लेखकाला कातडी जाड हवी. नाहीतर जिलब्या पाडत बसतील.

---

मधुमालती, बुधवार, सकाळी ९:४०

@थेटबोल्या, वरची बाई ‘वाईट’ कुठे म्हणाली? तिने विचारलं, भाऊ गेला होता ना? ‘टुकार’ आणि ‘छान’ ही सख्खी भावंडं. दोन्ही न वाचता लिहिता येतात. तुम्ही मागच्या महिन्यात एका मुलीच्या पहिल्याच कवितेवर ‘टुकार’ एवढंच लिहिलंत. ती परत आलेली मी पाहिली नाही.

---

थेटबोल्या, बुधवार, सकाळी ११:०२

ती पहिली होती हे माहीत नव्हतं. बघतो तिला निरोप पाठवता येतो का.

---

जिलबीवाला, बुधवार, दुपारी २:३०

जेवून आलो. (दोन दिवस लागले, पुरणपोळी होती.)

इथे का टाकतो याचं खरं उत्तर: माझ्या खमंग काकडीच्या पाककृतीवर एकदा कुणीतरी लिहिलं होतं, ‘केली, सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतली’. ते मी छापून फ्रिजवर लावलंय. स्वान्तसुखाय मागे घेतो. पण फक्त पाककृतींपुरतं.

---

ओसरी (धागाकर्ता), बुधवार, रात्री १०:२०

सगळे वाचतोय, सावकाश एकेकाला उत्तर देतो. @वाचनमात्र, तुम्ही विचारलंत त्यावरून सांगतो, गझलेतलं मलाही फार कळत नाही, तो ‘हि’ कुणाच्या जिवावर कळला ते वर आहेच. बिनधास्त लिहा.

तूर्त या धाग्यावरून एक शेर सुचलाय, गरम गरम टाकतो:

सगळेच इथे वाहवा करती
चुक दाखवतो मज तो रुचतो

---

लगावली, बुधवार, रात्री १०:३१

पहिल्या ओळीत तिसरा गण पाहा. ‘वाहवा’ म्हणजे गालगा. हवंय ललगा. एक मात्रा जास्त. ‘चूक’ ऱ्हस्व करून घेतलीत ती निराळीच.

आणि खरं सांगू का, हा शेर नाही, प्रतिसाद झाला. वहीचा होता तो शेर.

---

वाचनमात्र, बुधवार, रात्री १०:४४

मलाही वहीचाच आवडला. पण एक शंका. दिनरात पुसतो म्हटल्यावर ‘कधी’ कशाला? दोन्हीकडे वेळच सांगितलीय.

---

ओसरी (धागाकर्ता), बुधवार, रात्री ११:५५

बसलोय मोजत. ललगा ललगा…

बायको विचारतेय, आता कसला निकाल.